तेवीस चमचे आणि एक पिवळी गुलबक्षी

"फुलांचं काय घेऊन बसलात! चौतीस वर्षं रोज एकशे बारा गाड्या वेळेवर सोडल्यात मी! त्या गाड्यांना ड्रायव्हर होते, ड्रायव्हरांना सासुरवाड्या होत्या, टायरांना पंक्चर होती, तरी सोडल्या! फुलांना ना सासुरवाडी, ना टायर! वर्षातला एक दिवस जरी आपली बाग बिनफुलाची दिसली, तर नाव बदलून टाकीन!"

टाइमकीपरांनी ही प्रतिज्ञा केली, तेव्हा ती ऐकायला घरात भिंतीवरच्या घड्याळाखेरीज कुणी नव्हतं. शिवाय नाव बदलायच्या धमकीत फारसा दमही नव्हता, कारण त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. बस डेपोत टाइमकीपर म्हणून चिकटले, ते सगळ्या जगाचेच टाइमकीपर झाले. बहिणीची मुलंसुद्धा त्यांना टाइमकीपरमामा म्हणत. त्यांना वेगळ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते नाव होतं "अहो".

हे अहो म्हणणारं माणूस, म्हणजे काकू, आदल्याच दिवशी लेकीच्या बाळंतपणाला गेलं होतं. चांगलं तीन महिन्यांसाठी. निघताना काकूंनी बसच्या खिडकीतून शेवटच्या सूचना दिल्या होत्या.

"झाडांना एक दिवसाआड पाणी घाला."

"घालतो."

"बाकी काही करू नका."

"नाही करत."

"काही म्हणजे काहीच नाही! तुम्ही नुसते बसलात की मला घोर लागतो, आणि काही करायला उठलात की त्याहून मोठा घोर लागतो!"

बस सुटली. सहा मिनिटं उशिरा सुटली. टाइमकीपरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मान हलवली आणि आपण रिटायर झाल्यावर जगाचं कसं होत चाललंय, याचा विचार करत घरी आले.

आता ती बाग. घराच्या दारापासून फाटकापर्यंत जेमतेम वीस पावलांची जागा, मधून जाणारी अरुंद पायवाट आणि दोन्ही बाजूंना काकूंनी लावलेलं काय काय. हे "काय काय" नेमकं काय, ते टाइमकीपरांना माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? पहिली गाडी पाच वाजता सुटायची, म्हणून साडेचारला सायकलवर टांग. परत यायला दिवेलागण उलटून गेलेली. सुट्टीच्या दिवशी झोप. लग्न झालं तेव्हापासून त्यांनी आपल्याच घरची बाग उजेडात फारशी बघितलेलीच नव्हती.

पण अंधारातली बाग मात्र त्यांना पाठ होती. दमूनभागून फाटकात सायकल वळवायची, डायनामोचा दिवा पायडलसरशी लुकलुकायचा, आणि बागेत इथं एक, तिथं एक, असे बारीक बारीक ठिपके चमकून जायचे. काजवे! बारा महिने काजवे! टाइमकीपर त्यांना वळसा घालत घालत दारापर्यंत यायचे. मग एक गोडसर वास यायचा. तो बायकोच्या साबणाचा असणार, असं त्यांनी पहिल्या वर्षी ठरवलं होतं आणि पुढं तपासलं नव्हतं. डेपोत ते सगळ्यांना अभिमानानं सांगत, "आमच्याकडे बाकी काही नसेल, पण काजवे आहेत!" रिटायर झाल्यावर संध्याकाळनंतर बाहेरून येणं संपलं, सायकल मागच्या पडवीत भिंतीला टेकली, आणि काजवेही दिसेनासे झाले. हवाच बिघडलीय हल्ली, दुसरं काय!

रिटायर झाल्यापासून एक गोष्ट मात्र त्यांना आतून खात होती. त्या बाईनं एवढी वर्षं एकटीनं ही बाग केली आणि आपण साधं "छान आहे" म्हणायलाही कधी थांबलो नाही. तेव्हा ती येईपर्यंत बागेचं असं काही करून दाखवायचं, की फाटकातच तिनं तोंडात बोट घातलं पाहिजे! "काही करू नका" हे तिचं म्हणणं त्यांनी विचारात घेतलं, आणि ड्रायव्हरांचे रजेचे अर्ज ज्या खणात ठेवत असत, तशाच मनातल्या एका खणात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची घेऊन ते बागेत बसले. थंडी सरत आली होती. एका बाजूला चार-दोन झाडांवर फुलं होती, पण उरलेली निम्मी बाग म्हणजे नुसती माती! वाळक्या काड्या, सुकलेले बुडखे आणि... टाइमकीपर खुर्चीतून उठले. पुढं वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

मातीत चमचा होता! दांडा जमिनीत, डोकं वर!

दोन पावलांवर दुसरा. गुलाबाच्या पलीकडे तिसरा. पायवाटेच्या कडेनं तर ओळच!

इथं वाचकांना एक घरगुती इतिहास सांगितला पाहिजे. या घरात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून चमचे नाहीसे होत. सहाचा सेट आणावा, तर वर्षा-दोन वर्षांत पाचच उरत. या विषयावर नवरा-बायकोत जेवढी भांडणं झाली, तेवढी सासू आणि नणंदा यांच्यावरून मिळूनही झाली नाहीत. भांडण म्हणजे टाइमकीपर बोलत आणि काकू गप्प बसत. टाइमकीपरांचा भांडी घासणाऱ्या बाईंवर संशय घेऊन झाला, चहाला येणाऱ्या कंडक्टरांवर घेऊन झाला, आणि एकदा तर शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना चहा झाल्यावर "जरा खिसे बघता का" असंही विचारून झालं.

"डॉक्टर!" टाइमकीपर कुंपणाच्या भिंतीवरून ओरडले. "अहो डॉक्टर! सापडले! तुम्ही निर्दोष आहात!"

दात घासत असलेले डॉक्टर भिंतीपाशी आले. "एकोणीस वर्षांनी?" ते फेसातून म्हणाले.

"खरकट्या पाण्याबरोबर जात होते हो! आमची ही पातेल्यातलं पाणी झाडांना घालते ना, त्यातून चमचे पडायचे!"

"पण हे तर उभे आहेत काका. सगळेच."

टाइमकीपरांनी क्षणभर विचार केला. "पडतानाच उभे पडले असणार," ते म्हणाले आणि कामाला लागले.

एकूण तेवीस चमचे निघाले. त्यांतला एक तर सरबत ढवळायचा लांब दांड्याचा, लग्नात आलेल्या सेटमधला! तो बघून टाइमकीपरांना गहिवरून आलं. त्यांनी तेवीसच्या तेवीस चमचे उकळले, राखेनं घासले, पुसले आणि स्वयंपाकघरातल्या खणात एका दिशेला तोंडं करून मांडले. चौतीस वर्षांचा तोटा एका सकाळी भरून काढला! दुपारी त्यांनी नुसत्या चहासाठी तीन चमचे वापरले.

मग आली मुख्य मोहीम. टाइमकीपरांनी जुन्या सवयीनं मोठा आलेखाचा कागद घेतला, आडवे बारा महिने आखले आणि नर्सरी गाठली. नर्सरीवाल्या बाई कमरेला कात्री लावून कुंड्यांच्या मधोमध स्टुलावर बसल्या होत्या.

"मला वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं हवीत," टाइमकीपर म्हणाले. "आणि प्रत्येकाची वेळ सांगा. कधी लागतं, कधी सुटतं."

"काय सुटतं?"

"फुलणं हो! पहिलं फूल किती तारखेला, शेवटचं किती तारखेला. एक सुटलं की दुसरं लागलंच पाहिजे. मधे खाडा नको."

बाईंनी त्यांच्याकडे आणि त्यांच्या कागदाकडे आळीपाळीनं बघितलं. "काका, बागेत आत्ता काय आहे?"

"काही नाही. निम्मी जागा मोकळीच आहे. वाळलेले बुडखे आहेत नुसते."

"वाळलेले की झोपलेले?"

"म्हणजे?"

"बरीच झाडं वरून वाळतात आणि खाली मुळात झोपून राहतात. वेळ झाली की उठतात. एखादी जागा दोन महिने मोकळी दिसली म्हणजे ती मोकळी असतेच असं नाही. उकरायच्या आधी माहीतगाराला विचारा."

"चौतीस वर्षं मी झोपलेले ड्रायव्हर उठवलेत बाई," टाइमकीपर हसून म्हणाले. "झोपलेला कोण आणि गेलेला कोण, हे मला लांबून कळतं!"

बाईंनी कपाळाला हात लावला नाही, कारण हातात माती होती. त्यांनी अठरा रोपं दिली. शेवंती, जरबेरा, कर्दळ, लिली, अशी सगळी रंगीबेरंगी पलटण घेऊन टाइमकीपर घरी आले.

त्या आठवड्यात त्यांनी मोकळी जागा आणखी मोकळी केली. कुदळीखाली काय काय निघालं! गाठी, कंद, काळी ओबडधोबड मुळं. सगळं "मेलेलं" म्हणून तीन पोत्यांत भरलं. वर स्वयंपाकघरातला कचराही त्याच पोत्यांत गेला, दोन कामं एका फेरीत! आता पोती टाकायची कुठं? तर डॉक्टरांच्या दवाखान्याचं दार मागच्या गल्लीत उघडायचं आणि त्या दारालगत एक खड्डा होता. वॉश बेसिनचं पाणी तिथंच जायचं, आणि दाढदुखीनं आधीच हैराण झालेले पेशंट त्यात पाय घालून आणखी हैराण व्हायचे.

"भरून टाका काका!" डॉक्टर खुशीत म्हणाले. "एकोणीस वर्षांच्या अपमानाची भरपाई समजतो!"

तीनही पोती खड्ड्यात गेली. खड्डा भरला, बाग रिकामी झाली, रोपं लागली, आणि आलेखाचा कागद दिवाणखान्याच्या भिंतीवर चढला. लाल, पिवळे, जांभळे पट्टे. एकही खाडा नाही! टाइमकीपरांनी त्यावर सही केली आणि तारीख घातली.

आता फुलांनी वाचायला हवं होतं. पण फुलं पडली अशिक्षित! नर्सरीत लाडात वाढलेली ती अठरा रोपं पहिल्या दहा दिवसांत एकदम फुलली. ज्यांची पाळी तीन महिन्यांनी होती तीही फुलली, आणि सहा महिन्यांनी होती तीही! बाग अशी भरली, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. टाइमकीपर मात्र हातात वही घेऊन कासावीस फिरत होते. "थांबा! थांबा! सगळ्या एकदम कुठं सुटताय!" त्यांनी वहीत शेरे मारले. "शेवंती : वेळेआधी सुटली. खुलासा मागवावा." "लिली : विनापरवाना फेरी."

आणि पुढच्या दहा दिवसांत जी आली होती ती सगळी गेली. उरली ती माती आणि अठरा हिरव्या, थकलेल्या काड्या. त्यांतल्या सतरांनी हळूहळू माना टाकल्या. पायवाटेच्या वळणावरचा एक जरबेरा तेवढा तग धरून राहिला.

पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मागं नातू भोकाड पसरून आपली ओळख करून देत होता.

"बाग कशी आहे?"

"आहे की! छान आहे!" टाइमकीपर म्हणाले. हेच दोन शब्द आयुष्यात पहिल्यांदा म्हणायचा योग आला, तो असा.

"बरं, एक बघा. लांब दांड्याच्या चमच्यापाशी कोंब आलाय का?"

टाइमकीपरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "कुठल्या... चमच्यापाशी?"

"अहो, पायवाटेच्या सुरुवातीला, मातीत लांब दांड्याचा चमचा नाही का! तिथं माझी पिवळी गुलबक्षी आहे. माझ्या आईनं लग्नात पदरात बांधून दिलेली. आत्तापर्यंत उठायला हवी. या वर्षी माझं मन लागलंय तिच्याकडे. आई गेली त्यानंतर तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

टाइमकीपरांनी स्वयंपाकघरातल्या खणाकडे बघितलं.

"ऐकताय ना? आला का कोंब?"

"आला! आला ना!" टाइमकीपरांच्या तोंडून निघून गेलं. "चांगला बोटभर आलाय!"

"मग त्याला ऊन लागू देऊ नका फार," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता, की टाइमकीपरांना फोन हातात धरवेना.

सासूबाईंचा हात असलेलं झाड! त्यांना सासूबाई आठवल्या. निघताना त्या माउलीनं लेकीच्या पदराला काहीतरी बांधलं होतं खरं. त्यांना वाटलं होतं, बडीशेप असेल! आणि ते झाड आता कुठं होतं? दाढदुखीच्या पेशंटांच्या पायाखाली!

कुदळ घेऊन टाइमकीपर मागच्या गल्लीत धावले. दवाखाना भरलेला. बाकावर एका बाजूचे गाल सुजलेली चार माणसं ओळीनं बसलेली. टाइमकीपरांनी थेट दारालगत कुदळ घातली.

आत डॉक्टर एका माणसाच्या तोंडात हात घालून होते. "जरा मुळापर्यंत जावं लागेल," ते त्याला समजावत होते. त्याच वेळी बाहेरून धाड, धाड आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "निघतंय! निघतंय! मूळ फार खोल आहे! तुटू देणार नाही मी!"

पेशंट तोंडातला कापूस घेऊनच पळाला. बाकावरचे चौघे त्याच्या मागं.

"काका!" डॉक्टर दारात आले. "अहो मी महिनाभर या खड्ड्यावर पाय ठेवून सुखानं आत येत होतो! काय मांडलंय हे?"

"डॉक्टर, माझी सासू आहे यात!"

डॉक्टर दोन पावलं मागं सरले. टाइमकीपरांनी घाईघाईनं सगळी हकिगत सांगितली. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना सुटलेल्या पेशंटांच्या नावानं फक्त एकदाच दात दाखवले आणि एक टोपलीभर माती न्यायची परवानगी दिली. या अटीवर, की दवाखान्याच्या वेळात काका या गल्लीत पुन्हा दिसता कामा नयेत.

टोपलीत नऊ कंद निघाले. नऊही मातीनं माखलेले, नऊही सारखेच. टाइमकीपरांनी ते जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि डेपोत नवे ड्रायव्हर निवडताना बघत, तसं प्रत्येकाकडे रोखून बघितलं. शेवटी एकाची निवड झाली. मुठीएवढा, गोलमटोल, अंगावर बारीक डोळे असलेला. "खानदानी दिसतोय," टाइमकीपर म्हणाले. सासूबाईही अशाच होत्या, ठेंगण्या आणि गोल. त्यांनी तो पायवाटेच्या सुरुवातीला लावला, शेजारी घासूनपुसून लखलखीत केलेला लांब दांड्याचा चमचा रोवला आणि हात जोडले.

आणि आठ दिवसांत कोंब आला! टाइमकीपर अक्षरशः नाचले. पुढचे दोन महिने त्यांनी त्या कोंबाची जी सेवा केली, ती नातवाचीही झाली नसती. दुपारी छत्री. संध्याकाळी गाळून घेतलेलं पाणी. कोंबाचं झुडूप झालं, झुडूप गुडघ्याएवढं झालं. फुलं अजून नव्हती, पण पानं कशी टवटवीत! टाइमकीपर रोज त्याच्याशी बोलत. "आत्या, ती पंधरा तारखेला येतेय," ते सांगत, कारण सासूबाईंना ते आत्या म्हणत. "तेवढं एक फूल काढा. माझी लाज राखा!"

पंधरा तारखेला काकू आल्या. टाइमकीपर त्यांना आणायला स्टँडवर गेले. बस तेरा मिनिटं उशिरा आली, पण या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. रिक्षात बसल्यावर ते मनात भाषणाची उजळणी करत होते. आधी अठरा रोपांचं सांगायचं, मग कागद दाखवायचा, मग हळूच... तेवढ्यात रिक्षा मागच्या गल्लीतून वळली. ज्या गल्लीत दोन महिने त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं, त्या गल्लीतून.

"थांबवा! अहो रिक्षा थांबवा!" काकू ओरडल्या.

दवाखान्याच्या दारालगत एक झुडूप कमरेपर्यंत वाढलं होतं आणि त्यावर शंभरेक पिवळी फुलं नुकती उमलत होती. बेसिनच्या पाण्यावर पोसलेली. संध्याकाळचे पाच वाजले होते. गोडसर वास गल्लीभर पसरला होता, आणि टाइमकीपरांना तो वास ओळखीचा वाटला. चौतीस वर्षं ज्याला ते साबण समजत होते, तोच.

"अहो," काकू म्हणाल्या, "माझी गुलबक्षी डॉक्टरांच्या दारात काय करतेय?"

"काकू! आलात का!" डॉक्टर बाहेर आले. "बघा ना, काका आपला कंद उकरून घेऊन गेले आणि हे मागं आपोआप उगवलं! दवाखाना पाचला उघडतो आणि ही फुलंही बरोबर पाचला उघडतात. एकदम टायमाची पक्की! पेशंट बघत बसतात, ओरडायचेसुद्धा विसरतात!"

काकूंनी टाइमकीपरांकडे बघितलं. भाषण कुठल्या कुठं गेलं. सुजलेल्या गालांच्या दोन माणसांच्या मधे बाकावर बसून टाइमकीपरांनी सगळं कबूल केलं. अठरा रोपं, तीन पोती, फोनवरची थाप, सगळं.

"आणि चमचे?" काकूंनी शेवटी विचारलं.

"धुऊन ठेवलेत. खणात."

"धुऊन!" काकूंनी पदर तोंडाला लावला. टाइमकीपरांना वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नेमकं काय चाललंय ते सांगता येईना.

"अहो, ते चमचे झाडांचे नव्हतेच. तुमच्या सायकलचे होते."

"सायकलचे?"

"लग्नाच्या पहिल्या वर्षी ही गुलबक्षी लावली मी. नुकती वितभर झाली होती. तुम्ही अंधारात आलात आणि सरळ तिच्यावरून चाक घातलंत. वर म्हणालात, इथं खड्डा आहे वाटतं! मी दुसऱ्या दिवशी सकाळभर रडले."

"मला बोलली नाहीस!"

"काय बोलायचं? तुम्ही केवढे दमून यायचात. ती आपली मुळातून परत आली. मग तिच्याशेजारी मी लांब दांड्याचा चमचा रोवला. तुमच्या दिव्यात तो चमकला आणि तुम्ही हँडल वळवलंत. म्हटलं, जमलं! मग जिथं जिथं काही लावलं, तिथं तिथं चमचा. झाड झोपलं तरी चमचा जागा."

टाइमकीपर बाकावरून अर्धवट उठले. "म्हणजे ते... काजवे..."

"एकदा तुम्ही घरात आलात आणि म्हणालात, आपल्या बागेत काजवे आहेत गं! इतके खूश होतात तुम्ही! तेव्हा सांगणारच होते. पण म्हटलं, असू देत काजवे."

आणि त्या काजव्यांपायी या बाईनं चौतीस वर्षं चमच्यांवरून बोलणी खाल्ली होती. टाइमकीपरांनी चष्मा काढून डोळे पुसले. शेजारचा गाल सुजलेला माणूसही डोळे पुसत होता, पण त्याची दाढ दुखत असावी.

फुलावर आलेलं झाड हलवत नाहीत, तेव्हा गुलबक्षी तिथंच राहिली. ती झोपली, की मगच घरी आणायची. तोवर नवरा-बायकोनं रोज पाच वाजता चहाचा थर्मास घेऊन दातांच्या दवाखान्यात जायचं ठरलं.

घरी फाटकातून आत शिरताच काकू लांब दांड्याच्या चमच्यापाशी थबकल्या. छत्रीखालचं झुडूप त्यांनी निरखून बघितलं, दोन बोटांनी बुंध्याची माती सारली आणि म्हणाल्या, "अहो, ह्याला रोज काय म्हणत होता तुम्ही?"

"आत्या."

"बटाटा आहे हा."

रात्री तिघांना पुरेल एवढी भाजी झाली. टाइमकीपरांना घास गिळताना जरा जडच गेलं.

पुढच्या चार दिवसांत दोघांनी मिळून बाग पुन्हा आखली. खड्ड्यातून डॉक्टरांच्या परवानगीनं आणखी कंद आले. काकू सांगत गेल्या, कोण कधी उठतं, कोणाच्या मागं कोण फुलतं, आणि टाइमकीपर तोंडाचा आ वासून ऐकत गेले. बारा महिन्यांत एकही खाडा नव्हता! तिनं कागदसुद्धा वापरला नव्हता! त्यांनी भिंतीवरचा आपला आलेख उतरवला, उलटा केला आणि तिच्या पुढ्यात पेन्सिल ठेवली. मग खणातले तेवीस चमचे बाहेर आले आणि एकेक करून मातीत उभे राहिले.

"आता एकदा बघायचंय मला," टाइमकीपर म्हणाले. त्यांनी पडवीतली सायकल काढली, चाकांत हवा भरली, डायनामो टायरला लावला. दिवेलागणीला ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि माघारी वळले. काकू दारात उभ्या होत्या.

फाटकातून सायकल आत आली. दिवा लुकलुकला. आणि बागेत इथं एक, तिथं एक, काजवे लागले! सगळेच्या सगळे! घासून ठेवल्यामुळे जरा जास्तच लखलखीत! टाइमकीपरांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आपण तिशीतलेच आहोत, शेवटची गाडी सोडून घरी येतोय, आणि दारात ती उभी आहे. ते एकाला वळसा घालत, दुसऱ्याला वळसा घालत, ऐटीत वळणावर आले.

"अहो, जपून!" काकू ओरडल्या.

कर्र्र्र!

"इथं खड्डा आहे वाटतं!" टाइमकीपर म्हणाले.

खड्डा नव्हता. अठरांपैकी उरलेला एकुलता एक जरबेरा होता. चमचे तेवीसच होते, आणि टाइमकीपरांनी स्वतःच्या हातानं लावलेल्या तेवढ्या एकाच झाडाला चमचा लावायचा राहून गेला होता.